मोले आधी, मांस मागाहून: चांगल्या मेक्सिकन हॉटेलात जेवताना

मेक्सिको सिटीच्या रोमा किंवा कोंदेसा भागात, झाडांनी झाकलेल्या गल्लीत, पंधरा-वीस टेबलांची हॉटेलं दिसतात. कापडी नॅपकिन, मातीच्या ताटल्या, एका पानाचा मेनू. तो हातात घेतला की आपल्याकडचा माणूस हमखास गोंधळतो. नाचोज नाहीत, बरिटो नाही, पिवळं वितळलेलं चीज तर कुठेच नाही. पुण्या-मुंबईत मेक्सिकन म्हणून जे मिळतं ते बहुतेक अमेरिकेच्या सीमेकडचं खाणं आहे. नाचोजचा जन्मच मुळी सीमेला खेटून असलेल्या पिएद्रास नेग्रास गावातला, १९४०च्या दशकातला. त्याच्या दक्षिणेला जो अवाढव्य देश पसरला आहे, त्याचं जेवण प्रांताप्रांतात बदलतं. आपल्याकडे मालवणी आणि वऱ्हाडी यांत जेवढं अंतर, तेवढंच तिथे वाहाका आणि सोनोरा यांत आहे.

खालच्या सूचना अशा मध्यम-महागड्या, गल्लीतल्या पण कसलेल्या हॉटेलांसाठी आहेत. शिकागो, लॉस एंजेलिस किंवा बे एरियात राहणाऱ्यांनाही त्या चालतील. शिकागोचं फ्रोन्तेरा ग्रिल १९८७ पासून प्रांतिक मेक्सिकन जेवण देतं आहे आणि लॉस एंजेलिसचं गेलागेत्सा १९९४ पासून वाहाकाचं. जिथे अमेरिकेची रीत वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

वेळ चुकली की अर्धं जेवण चुकलं

मेक्सिकोत दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं. त्याला कोमीदा म्हणतात आणि ते दोन ते चारच्या दरम्यान सुरू होतं. रात्रीचं जेवण हलकं. रोमातलं कोंत्रामार (१९९८ पासून) दुपारच्या जेवणासाठीच गाजलेलं आहे. आस्कापोत्साल्को भागातलं निकोस १९५७ पासून चालू आहे, तिथेही सकाळ आणि दुपार हाच खरा कारभार. म्हणून टेबल दुपारी अडीचचं घ्या. साडेबाराला गेलात तर हॉटेल रिकामं मिळेल आणि स्वयंपाकघर अजून लयीत आलेलं नसेल. रात्रीच जायचं असेल तर साडेआठच्या आधी जाण्यात मजा नाही. अमेरिकेत मात्र हे उलटं आहे. तिथे संध्याकाळी सहा ते आठ हीच वेळ, आणि दुपारी कित्येक जागा उघडतही नाहीत.

शनिवार-रविवारचं टेबल आठ-दहा दिवस आधी नोंदवा. नोंदवताना शेरा लिहायची जागा असते, ती मोकळी सोडू नका. शाकाहारी किती, डुकराचं किंवा गाईचं मांस न खाणारे किती, शेंगदाणा-तिळाची ॲलर्जी कुणाला, हे तिथेच लिहा. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर वेटर फार तर दोन पदार्थ सुचवू शकतो. दोन दिवस आधी कळलं तर आचारी बिनचरबीचा घेवडा वेगळा काढून ठेवू शकतो. फरक तिथे पडतो.

जेवायला दोन-अडीच तास धरा. जेवण झाल्यावर टेबलावर गप्पा मारत बसण्याला तिथे सोब्रेमेसा असं खास नाव आहे, आणि त्या वेळात तुम्हाला कुणी उठवणार नाही.

मेनू प्रांताच्या हिशेबानं वाचा

पदार्थांची नावं पाठ करायची गरज नाही. मेनू कुठल्या प्रांताकडे झुकतो ते ओळखलं की पुरे. हॉटेलाचा हात जिथे बसलेला असतो, तिथले पदार्थ मागवायचे.

वाहाकाच्या खुणा म्हणजे मोले, त्लायुदा, केसीयो आणि मेस्काल ही दारू. मोले म्हणजे मिरच्या-मसाल्यांचं वाटण शिजवून केलेला दाट सॉस. त्लायुदा ही थाळीएवढी मोठी, कोरडसर भाजलेली टॉर्टिया, म्हणजे मक्याची पोळी. केसीयो म्हणजे धाग्यासारखं सुटणारं, गोळा करून ठेवलेलं चीज. युकातानच्या खुणा आचिओते, कडवट संत्रं आणि हाबानेरो ही जहाल मिरची. आचिओते म्हणजे आपल्याकडची शेंदरी. तिच्या बियांच्या वाटणात डुकराचं मांस मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून भाजलं की कोचिनीता पिबिल. पिब म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी. पुएब्ला म्हटलं की मोले पोब्लानो आणि चिलेस एन नोगादा. बेराक्रूझचा मासा टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर्सच्या रश्शात येतो. सिनालोआचं आग्वाचिले म्हणजे लिंबू-मिरचीत बुडवलेली कच्ची कोळंबी. ती शिजवलेली नसते, लिंबानं फक्त रंग बदलतो. पोट नाजूक असेल तर सोडून द्या. सोनोरात गव्हाच्या मोठ्या, पातळ टॉर्टिया आणि निखाऱ्यावरचं गाईचं मांस. मिचोआकानचे कार्नितास म्हणजे चरबीतच शिजवलेलं डुक्कर.

ज्या मेनूत हे सगळेच प्रांत एकेक पदार्थापुरते आहेत, तिथे सावध राहा. दोन-तीन प्रांतांवर ठाम असलेला छोटा मेनू केव्हाही बरा.

ऋतूही बघा. मेक्सिकोच्या मध्य भागातला पाऊस साधारण जून ते सप्टेंबर, म्हणजे आपलाच पावसाळा. आणि तिथेही या दिवसांत रानभाज्या येतात. त्यांना एकत्रितपणे केलितेस म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच मराठी माणसाच्या ओळखीच्या निघतात. बेर्दोलागास ही आपली घोळ. किंतोनिल ही माठ-राजगिऱ्याच्या कुळातली पालेभाजी. वाउसोन्त्ले चाकवताचा भाऊबंद, फक्त त्याचे तुरे खातात. भोपळ्याची फुलं याच दिवसांत ताजी असतात. मक्याच्या कणसावर वाढणारी काळी-राखाडी बुरशी, वित्लाकोचे, तीही याच वेळची. बुरशी म्हणून नाक मुरडू नका. चवीला ती अळंबी आणि मक्याच्या मधली आहे आणि पूर्ण शाकाहारी आहे.

चिलेस एन नोगादा ऑगस्ट-सप्टेंबरातच खावं. पोब्लानो मिरचीत मांस आणि फळांचं सारण, वर अक्रोडाचा पांढरा सॉस, डाळिंबाचे दाणे आणि हिरवी पानं. झेंड्याचे तीन रंग. हा पदार्थ गरम येत नाही. सॉस थंड आणि मिरची कोमटच असते. आपली माणसं ताटली परत पाठवतात आणि स्वयंपाकघर हैराण होतं.

पहिली परीक्षा टॉर्टियाची

काहीही मागवण्याआधी टॉर्टिया पाहून घ्या. हॉटेल कसं आहे ते तिथेच कळतं.

चांगली टॉर्टिया मक्याच्या पिठाची नसते, ती मक्याच्या वाटणाची असते. किलोभर वाळलेल्या मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना आणि दोन-तीन लिटर पाणी घेऊन, दाण्याचं साल बोटांनी निघेपर्यंत शिजवतात. मग रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. सकाळी धुऊन ओलं दळतात. हा चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. असा चुन्यात शिजवलेला मका म्हणजे निश्तामाल. चुन्यानं साल सुटतं, वाटण चिकट होतं म्हणून लाटी फाटत नाही, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. मका जगभर गेला, पण ही युक्ती बरोबर गेली नाही. त्यामुळे युरोप-अमेरिकेत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा कुपोषणाचा रोग जडला.

बऱ्याच हॉटेलांत तवा समोरच असतो. तो पाच मिनिटं बघाच. बाई तीसेक ग्रॅमची गोळी घेते, दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये दाबते, कागद सोलते आणि चकती हाताच्या कडेवरून तापल्या तव्यावर अलगद सोडते. भाकरीसारखं वरून पाणी फिरवत नाहीत. पंधरा-वीस सेकंदांनी कडा सुटल्या की पहिली उलटी. दुसरी बाजू जरा जास्त वेळ. मग तिसऱ्यांदा उलटली आणि मध्ये बोट टेकवलं की टम्म फुगते. फुगली म्हणजे वाटण, पाणी आणि तवा तिन्ही बरोबर.

टेबलावर आलेली टॉर्टिया नाकाशी न्या. भाजलेल्या मक्याचा आणि किंचित ओल्या चुन्याचा वास यायला हवा. घट्ट गुंडाळी करून सोडा. चिरली तर ती शिळी तरी आहे किंवा तयार पिठाची तरी. हवं तर विचारा: "ला तोर्तिया एस दे निश्तामाल?" चांगल्या ठिकाणी या प्रश्नानं वेटर खुलतो आणि मका कुठल्या गावचा, निळा की पांढरा, हे आपणहून सांगतो. प्रश्नच कळला नाही तर टाको सोडून माशाकडे वळा.

टॉर्टिया कापडात गुंडाळून टोपलीत येतात. एक काढली की कापड परत झाका. पाच मिनिटं उघडी राहिली की चामडं होतं. संपल्यावर "मास तोर्तियास, पोर फावोर" म्हणायला लाजू नका. आपण आणखी पोळी मागतो, तितकं ते साधं आहे.

मोले: ताटातला मालक

मेनूवर लिहिलेलं असतं मोले नेग्रो आणि पुढे कोंबडी किंवा टर्की. आपण वाचतो कोंबडी, आणि तुकडा लहान आला की चिडतो. इथे कोंबडी ही निमित्तमात्र आहे. ती अनेकदा नुसती उकडलेली असते, आणि ते बरोबरच आहे. पैसे मोजायचे ते सॉसचे. पोलान्को भागातल्या पुजोलनं, जे आचारी एन्रिके ओल्वेरा यांनी २००० साली सुरू केलं, हे टोकाला नेलं आहे. त्यांच्या मोले माद्रेच्या ताटलीत मांस नसतंच. दिवसेंदिवस नवी भर घालत जुना केलेला मोले बाहेरच्या वर्तुळात, ताजा आतल्या वर्तुळात, आणि सोबत टॉर्टिया. बस्स.

मोले नेग्रो कसा होतो ते माहीत असेल तर चव लवकर उलगडते. चिलवाक्ले, मुलातो, पासिया अशा सुक्या मिरच्यांच्या बिया काढतात. मिरच्या जवळजवळ काळ्या होईतो तळतात. बिया वेगळ्या घेऊन कोळसा होईपर्यंत जाळतात आणि पाणी बदलत भिजवून त्यांचा कडूपणा काढतात. मग तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, तळलेलं पिकं केळं, तळलेला पाव किंवा टॉर्टिया, भाजलेले टोमॅटो, दालचिनी, लवंग, मिरी, ओरेगानो. सगळं वाटून चरबीत परतायचं, रस्सा घालत तासन् तास घोटायचं, आणि शेवटी थोडंसं चॉकलेट, साखर, भाजलेलं अॅव्होकॅडोचं पान. काळ्या मसाल्याचं वाटण ज्यांनी घरी केलं आहे, त्यांना यातली मेहनत सांगायला नको. करपण्याच्या एक पाऊल आधी थांबणं, हेच दोन्हीकडचं कसब.

म्हणून मोले पारखायचा तो असा. चॉकलेट सॉससारखा गोड लागला तर फसलेला. चॉकलेट त्यात नावापुरतं असतं, त्याला चॉकलेटचा रस्सा म्हणणं म्हणजे आमटीला गुळाचं पाणी म्हणणं. कडवटपणा घशात अडकून राहिला तर बिया नीट भिजवलेल्या नाहीत. जिभेवर रवाळ लागला तर वाटण गाळलेलं नाही. कडेला तेल सुटलेलं दिसलं तर घाबरू नका, आपल्या तर्रीसारखंच ते शिजल्याचं लक्षण आहे. आणि त्यावर लिंबू पिळू नका. टाकोवर लिंबू हवंच, मोलेवर ते सगळा तोल घालवतं.

वाहाकात सात मोले मोजतात: नेग्रो, रोहो, कोलोरादितो, आमारीयो, बेर्दे, चिचिलो आणि मांचामांतेल. पहिल्यांदा खाणाऱ्यानं थेट नेग्रोवर जाऊ नये असं आमचं मत. आमारीयो हलका असतो, मक्याच्या वाटणानं दाटवलेला, आणि मिरची त्यात स्वच्छ कळते. बेर्दे ताज्या हिरव्या पानांचा. तो ताटात हिरवागार यायला हवा. मळकट शेवाळी दिसला तर सकाळपासून आचेवर आहे असं समजा. चिचिलोत पारंपरिकरीत्या गाईचं मांस असतं, ते न खाणाऱ्यांनी तो टाळावा. मांचामांतेल म्हणजे शब्दशः टेबलक्लॉथ डागवणारा. अननस-केळं घातलेला, आंबटगोड, मुलांना आवडतो. पांढरा शर्ट घालून मागवू नका.

एका माणसानं दोन मोले मागवू नयेत. दोन्ही जड, दोन्ही गुंतागुंतीचे. दुसऱ्याची चव कळतच नाही.

शाकाहाऱ्यांसाठी, जरा सविस्तर

मेनूत भाज्या, घेवडा, मका, चीज भरपूर दिसतं, म्हणून शाकाहारी माणूस निर्धास्त होतो. फसगत तिथेच होते. मांस दिसत नाही, पण चरबी आणि रस्सा आत असतो.

सगळ्यात मोठी अडचण मान्तेकाची, म्हणजे डुकराच्या चरबीची. काळा घेवडा तिच्यात परततात. तामाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, त्याचं वाटण तिच्यात फेटतात. सोनोराच्या गव्हाच्या टॉर्टियात ती असते. मोलेचं वाटण तिच्यात परततात. त्लायुदा आणि मेमेला (मक्याच्या वाटणाची जाडसर छोटी टॉर्टिया) यांवर घेवड्याच्या खाली एक तपकिरी थर लावतात, त्याला आसिएंतो म्हणतात. तो डुकराची चरबी कढवल्यावर तळाशी उरणारा गाळ. त्लायुदा शाकाहारी मागितलीत तरी वरचं मांस निघतं आणि आसिएंतो तसाच राहतो. "सिन आसिएंतो" असं स्पष्ट सांगावं लागतं.

दुसरी अडचण कोंबडीच्या रश्शाची. लाल भात, सूप, मोले, भोपळ्याच्या फुलांचं सार, सगळ्यात तो असू शकतो. तिसरी, भाषेची. "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, पण कार्ने या शब्दाचा अर्थ बऱ्याच जणांच्या कानाला गाईचं मांस एवढाच होतो. तुम्ही सिन कार्ने म्हणाल आणि कोंबडीचे धागे किंवा हॅमचे तुकडे घेऊन ताटली येईल. वेटरचा दोष नाही. म्हणून एकेक नाव घ्या: "सोय वेहेतारियानो," बाई असाल तर "वेहेतारियाना," आणि पुढे "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो." पोयो कोंबडी, पेस्कादो मासा, काल्दो रस्सा. घेवड्याबद्दल वेगळं विचारा: "लोस फ्रिहोलेस येवान मान्तेका?"

चौथी अडचण मीठ. मेस्कालसोबत संत्र्याच्या फोडीवर जे तांबूस मीठ येतं ते साल दे गुसानो. त्यात आगावेच्या, म्हणजे घायपाताच्या कुळातल्या झाडावरची अळी वाळवून, वाटून घातलेली असते. कधी हेच मीठ ग्लासाच्या कडेला किंवा फळांवर लावतात. चापुलिनेस म्हणजे तळलेले नाकतोडे, ग्वाकामोलेवर (अॅव्होकॅडोच्या चटणीवर) सजावटीसाठी टाकले जातात. मांसाहाऱ्यांनी एकदा जरूर खावेत, लिंबू-लसणीचे कुरकुरीत लागतात. मिचेलादा नावाच्या बिअरच्या पेयात वूस्टरशायर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही हा मासा.

आता जे निर्धास्त मागवावं ते. सिकिल पाक ही युकातानची भोपळ्याच्या बिया आणि भाजलेल्या टोमॅटोची चटणी, आपल्या तिळाच्या चटणीची आठवण करून देणारी. नोपालेस म्हणजे काटे काढून भाजलेला फड्या निवडुंग. भेंडीसारखा थोडा बुळबुळीत, पण भाजला की आंबटसर आणि करकरीत. वित्लाकोचे किंवा भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया. इथे एक गंमत आहे: मेक्सिको सिटीत केसादिया म्हटलं की चीज गृहीत नसतं. हवं असेल तर "कोन केसो" म्हणा. तेतेला ही घेवडा भरलेली त्रिकोणी घडी, घेवड्याची खात्री करून घ्या. अंडं चालत असेल तर युकातानचे पापादसुलेस: उकडलेलं अंडं भरलेल्या टॉर्टिया, वर भोपळ्याच्या बियांचा हिरवा सॉस. याच बियांचा पिपियान हा सॉस भाज्यांवर घालून मिळतो, रश्शाचा प्रश्न मात्र विचारायचा.

कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना हे जेवण खरंच कठीण आहे, कारण जवळजवळ प्रत्येक साल्सात दोन्ही असतात. नुसतं केसीयो घातलेली गरम टॉर्टिया, अॅव्होकॅडोच्या फोडी, मीठ-लिंबू, भाजलेला नोपाल आणि फळं. तेवढ्यावर भागवावं लागतं. आधी कळवलंत तर आचारी यात भर घालेल.

ॲलर्जीवाल्यांनी मोलेला हातच लावू नये. शेंगदाणा, तीळ, बदाम, पाव, सगळं त्यात वाटलेलं असतं आणि वेगळं काढता येत नाही.

दोघांची आणि चौघांची ऑर्डर

दोघं असाल तर सुरुवातीला दोन छोटे पदार्थ. एक मक्याच्या वाटणाचा (मेमेला, तेतेला किंवा कडा उचललेली जाड छोटी टॉर्टिया "सोपे", यांपैकी कुठलाही एकच) आणि एक थंड, आंबट. सेविचे (लिंबात मुरवलेला कच्चा मासा) किंवा नोपालची कोशिंबीर. मग एक मोले आणि एक माशाचा किंवा भाजीचा पदार्थ, दोन्ही मध्ये ठेवून. शेवटी एक गोड, दोन चमचे. यापेक्षा जास्त लागत नाही.

चौघांना सुरुवातीचे तीन, मुख्य तीन. चौथं मुख्य पान मागाहून, भूक उरली तर. मासेखाऊ मंडळी असतील तर अख्खा मासा घ्या. पेस्कादो आ ला ताया ही गेरेरो किनाऱ्याची पद्धत: मासा पोटातून उघडून सपाट करून, वाटण लावून निखाऱ्यावर. कोंत्रामारमध्ये त्याची एक बाजू लाल वाटणाची आणि एक हिरव्या वाटणाची असते. मालवणी माणसाला यात जास्त समजवावं लागत नाही.

नेहमीची चूक म्हणजे मेमेला, सोपे, केसादिया, त्लायुदा असं सगळं एकत्र मागवणं. नावं चार, पण आत तोच मका, तोच घेवडा, तेच चीज. मुख्य जेवण येईपर्यंत पोट भरलेलं.

टाको स्वतः बांधायचा असेल तर टॉर्टिया तळहातावर घ्या, मध्ये दोन चमचे सारण, त्यावर साल्सा, शेवटी लिंबू. तीन बोटांनी धरा आणि डोकं तिरपं करा, टाको आडवाच राहू द्या. काटा-चमचा लावायचा नाही. मोलेचा शेवटचा रस्सा टॉर्टियाच्या तुकड्यानं पुसून खाल्ला तर कुणी हसत नाही.

साल्सा दोन-तीन येतात. आपण तिखट खाणारी माणसं म्हणून चमचाभर ओतू नका. हालापेन्यो खरंच मवाळ आहे, सेर्रानो आपल्या रोजच्या हिरव्या मिरचीसारखी. हाबानेरोची गोष्ट वेगळी. ती तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल मापानं लाखाच्या पुढे जाते आणि फळासारखा गोड वास देऊन फसवते. टॉर्टियाच्या कोपऱ्यावर एक थेंब घेऊन बघा. "क्वाल पीका मास?" म्हणजे सगळ्यात तिखट कुठली? तोंड भाजलंच तर पाणी निरुपयोगी, साय किंवा चीज खा.

प्यायला काय

मेस्काल शॉटसारखा घशात ओतायचा नसतो. तो बहुधा ४५ टक्क्यांच्या आसपास असतो. जमिनीतल्या खड्ड्यात लाकडावर भाजलेल्या आगावेचा धूर त्यात असतो. पहिला घोट इवलासा, जीभ ओली होण्यापुरता. चव कळते ती दुसऱ्या घोटाला. तकिला एकाच निळ्या आगावेची, मेस्काल अनेक जातींचा. सुरुवात एस्पादीन या आगावेच्या जातीनं करा. तोबालासारखे रानटी प्रकार महाग असतात आणि पहिल्याच वेळी त्यांचं वेगळेपण लक्षात येत नाही.

न पिणाऱ्यांची सोय उत्तम आहे. आग्वा दे हामाइका हे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, मोलेसोबत सगळ्यात चांगलं जुळतं. आग्वा दे चिया लिंबाच्या पाण्यातलं, दिसायला सब्जासारखं. वाहाकाचं तेहाते मिळालं तर घ्या. मका आणि कोकोचं थंड पेय, वर जाड फेस. तो फेस हाच पदार्थ, ढवळून मोडू नका.

गोडात निकुआतोले बघा. मक्याच्या वाटणाची थापलेली नाजूक वडी, दुधाशिवायही करतात. आइस्क्रीमच्या यादीत तुना दिसलं तर दचकू नका. तो मासा नाही, निवडुंगाचं लाल बोंड आहे. त्या नावाच्या माशाला तिथे "आतून" (atún) म्हणतात. शेवटी काफे दे ओया, दालचिनी आणि पिलोन्सियो घातलेली कॉफी. पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळच.

बिल आणि उरलेला मोले

बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता आणून ठेवणं हा तिथे उद्धटपणा. "ला क्वेंता, पोर फावोर." मेनूवरच्या किमतीत १६ टक्के कर धरलेला असतो. टीप वेगळी, १० ते १५ टक्के. कार्डाचं मशीन देताना वेटर टक्के विचारतो, आकडा आधीच ठरवून ठेवा. टीप बिलात आधीच धरली आहे का, तेही बघा. अमेरिकेत कर वर लागतो, टीप १८ ते २० टक्के, आणि सेवाशुल्क म्हणून वेगळी ओळ असेल तर दोनदा देऊ नका. निघताना शेजारच्या टेबलावर कुणी जेवत असेल तर "प्रोवेचो" म्हणायची पद्धत आहे, म्हणजे सावकाश होऊ द्या.

मोले उरला तर "पारा येबार" म्हणून बांधून घ्या, दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरलेला असतो. गरम करताना अर्धी वाटी पाणी किंवा रस्सा घाला, आच मंद ठेवा आणि तळ खरवडत ढवळत राहा. तीळ आणि पावामुळे तो पटकन तळाला लागतो, आणि एकदा लागला की करपट वास जात नाही. टॉर्टिया कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी वीस-तीस सेकंद गरम करा. मायक्रोवेव्हच असेल तर ओल्या कापडात गुंडाळून. मग एकेक टॉर्टिया मोलेत बुडवायची, घडी घालायची, वर कच्चा कांदा आणि चुरलेलं चीज. याला एन्मोलादास म्हणतात, आणि सकाळच्या न्याहारीला मेक्सिकोत ती आवडीनं खातात.